नसलेल्या हाताची मूठ

माझ्या मायचा उजवा हात मनगटाच्या चार बोटं वर तुटला. त्याला किती वर्षं झाली असं कुणी विचारलं, की ती साल सांगत नाही. "पोरगी इंजिनिअरिंगच्या पयल्या वर्षाले होती," असं सांगते. म्हणजे नव्याण्णव. गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावच्या अलीकडे सात-आठ किलोमीटरवर आमचं गाव, दीड एकर धानाची शेती आणि घरात आम्ही दोघीच. बाप मी तिसरीत असताना गेला. मी तेव्हा नागपूरला वसतिगृहात होते. हात तुटल्याचं मला दुसऱ्या दिवशी कळलं.

खळ्यावर मळणीला भाड्याचा थ्रेशर आला होता. माय त्यात पेंढ्या घालत होती. एक पेंढी ओली निघाली, सर्रकन आत ओढली गेली आणि तिच्यासोबत मायचा हातही. बाजूचे सगळे ओरडले, "सोड, सोड ती पेंढी!" तिनं सोडली नाही. हातातलं धान टाकायचं नाही, हे आमच्याकडे लहानपणापासून अंगात भिनवतात. पेंढी चुकून खाली पडली तरी आधी उचलून कपाळाला लावायची, मग पुढचं काम. दुसऱ्या कुणी पेंढी फेकून हात वाचवला असता. माझ्या मायनं मूठ आणखी आवळली. दवाखान्यात तिच्या खाटेजवळ उभी राहून मी तिच्यावरच ओरडले, "एका पेंढीसाठी? काय मिळालं वो तुले?" ती ग्लानीत होती. "सवय वो," एवढंच म्हणाली.

जखम भरली आणि मग खरा ताप सुरू झाला. "हात हाय," ती म्हणायची. "मूठ बांधून हाय. उघडतच नाई. नखं रुतून रायली तळव्यात." समोर पाहावं तर काहीच नाही, टाके घातलेलं टोक तेवढं. गावात कुणी म्हणालं, बाहेरची बाधा आहे. गोंदियातल्या एका डॉक्टरनं हिंदीत समजावलं, "माँजी, ये सब मन का खेल है." मी त्याला विचारलं, तुमचा दात दुखतो तेव्हा तोही मनाचाच खेळ असतो का? मायनं डाव्या हातानं माझं मनगट धरून मला ओढत बाहेर आणलं. शेजारची काकू मनानं चांगली, पण तिच्या जिभेला हाड नाही. ती म्हणाली, "असू दे वो बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची." माय आठवडाभर तिच्याशी बोलली नाही.

पौर्णिमेला विहारात वंदनेला बसलं, की माय डावा हात छातीपुढे उभा धरायची. मला वाटायचं, बिचारी एकाच हातानं हात जोडते. तिनं एकदा सांगितलं, की डावा तळवा ती त्या बांधलेल्या मुठीवर टेकवते. मुठीची हाडं तळव्याला लागतात, म्हणाली.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी ग्रंथालयातल्या एका जाडजूड पुस्तकात मला सापडलं, की डॉक्टर चूक आणि माय बरोबर. हात तुटला तरी हाताकडे जाणारे मज्जातंतू वर दंडात जिवंतच असतात. ते मेंदूला निरोप धाडत राहतात, मेंदू त्यांना हुकूम देत राहतो, आणि खाली हातच नाही हे दोघांनाही ठाऊक नसतं. मला वाटलं, त्या तंतूलाच तार जोडली आणि जराशी वीज सोडून मेंदूला कळवलं, की बाबा, मूठ उघडली, तर? त्या दिवशी मी मेसमध्ये जेवायलाही गेले नाही. लोक म्हणतात, आईसाठी केलंस. ऐकायला छान वाटतं. खरं सांगू? मी रागानं केलं. त्या डॉक्टरवर राग होता, थ्रेशरवर होता, आणि सगळ्यात जास्त त्या मुठीवर होता.

तेव्हापासून आमचा रविवारचा फोन सुरू झाला. गावात किराणा दुकानात एक फोन होता. सकाळी आठ वाजता माय तिथं जाऊन बाकावर बसायची, मी बूथवरून लावायचे. पुढं दोघींकडे मोबाइल आले, तरी रविवार आणि आठ वाजता हे काही बदललं नाही. मी विचारायचे, मूठ कशी आहे? या आठवड्यात किती वेळा आवळली? कामात असताना की बसलेली असताना? थंडीनं वाढते का? ती सांगायची, मी लिहून घ्यायचे. लिहून झालं की "बरं, ठेवते" म्हणायचे. पावसापाण्याचं, गावातल्या लग्नाचं, कोण बाळंत झाली, हे ती कधी सुरू करायची, तर मी म्हणायचे, "माय, आधी मुठीचं सांग." हळूहळू ती आधी मुठीचंच सांगायला लागली, आणि नंतर फक्त मुठीचंच.

मी दक्षिणेतल्या एका मोठ्या शहरात संशोधनाला गेले आणि तिथंच राहिले. आमचं काम सांगायला सोपं होतं. मज्जातंतूभोवती सिलिकॉनचं बारीकसं कडं बसवायचं, कड्याच्या आतल्या अंगाला प्लॅटिनमचे ठिपके, ठिपक्यांना केसाएवढ्या तारा. कडं तंतूचं बोलणं ऐकतं आणि त्याला बोलतंही. करायला मात्र महाकठीण. तंतू ओल्या सुतासारखा मऊ. कडं घट्ट बसलं तर तो गुदमरून मरतो. सैल बसलं तर मधल्या फटीत शरीर वण भरतं आणि महिन्याभरात काही ऐकू येईनासं होतं. शरीराला परकं काही खपत नाही. त्याला ते मारता आलं नाही, तर त्याच्याभोवती ते भिंत बांधून टाकतं. उंदराच्या पायातून काढलेलं कडं सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं आणि ती भिंत किती जाड झाली ते लिहायचं, यात माझी आठ वर्षं गेली.

त्या शहरात माझी भाषा बोलणारं कुणी नव्हतं. प्रयोगशाळेत इंग्रजी, भाजीवालीशी हातवारे, खोलीवर तर कुणीच नाही. दिवाळीत सगळे आपापल्या घरी जायचे आणि उंदरांना खायला घालायला मी थांबायचे. मला कुणी थांब म्हटलं नव्हतं, बरं का. प्रयोग मोडेल, असं मीच म्हणायचे. एकदा ताप आला आणि चार दिवस मी एकाही माणसाशी बोलले नाही. पाचव्या दिवशी दूधवाल्यानं काहीतरी विचारलं तर घशातून आवाजच फुटेना. त्या दिवशी मी दार लावून खूप रडले. मग तोंड धुतलं आणि कामाला गेले.

माय एकदा माझ्याकडे पंधरा दिवसांसाठी आली होती. आठव्या दिवशीच म्हणाली, "मले गाडीत बसवून दे." मी विचारलं, काऊन? "इथं कोनाशी बोलू? तू सकाळी जातेस, दिवाबत्तीले येतेस, अन् आल्यावर मूठ विचारतेस." मला राग आला. म्हटलं, हिच्यासाठी मी मरमर मरते आणि हिला गप्पा हव्यात. मी तिला गाडीत बसवून दिलं.

एकदा मीच आठ दिवस गावी आले होते. काकू ओसरीवर सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसली होती. मायही हात तुटायच्या आधी वळायची. काकूनं तेंदूचं पान घेतलं, तंबाखू घातला आणि पान स्वतःवरच तिरपं गुंडाळत नेलं. पानाचं एक टोक दुसऱ्यावर चढलेलं, त्यामुळं बोटानं दाबलं की विडी बारीक होते, सोडलं की जराशी फुलते. मी तिच्या हातातून ती विडी हिसकावली. "बिघडली काय वो पोरगी?" काकू म्हणाली. आमचं कडं तोवर अंगठीसारखं बंद होतं. मी ते विडीसारखं गुंडाळीचं केलं, आणि तंतू सुजला तरी कडं त्याच्यासोबत फुलायला लागलं. आता हसू येतं, पण महिनाभर मी फुशारक्या मारत फिरले. मग प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या आमच्या सरांनी एक जुना लेख पुढे सरकवला. परदेशात कुणीतरी ही गुंडाळी कधीच करून बसलं होतं. काकूला मी हे कधी सांगितलं नाही.

शेवटी माणसांवर चाचणी घ्यायची परवानगी मिळाली. मोजकी माणसं, फक्त चार आठवडे, मग तारा काढून टाकायच्या. शस्त्रक्रिया नागपूरच्या एका दवाखान्यात होणार होती. मायनं आपलं नाव द्यायला सांगितलं. परवानगी देणाऱ्या समितीचे लोक म्हणाले, संशोधकाची आई चालणार नाही. मी भांडले, सर भांडले, शेवटी तोडगा निघाला. दंडातून बाहेर आलेल्या तारांची पट्टी रोज बदलावी लागते आणि आमच्या गावात ते जमणारं कुणी नव्हतं, म्हणून मी घरी राहायचं आणि पट्टी तेवढी बदलायची. तारांतून जराशी वीज सोडणारं छोटं यंत्र माय स्वतः सकाळ-संध्याकाळ लावणार. दर आठवड्याला नागपूरहून एक फिजिओथेरपिस्ट बाई येऊन सगळं विचारणार, लिहून नेणार. मुठीबद्दल मी मायला एक शब्द विचारायचा नाही आणि तिनं मला सांगायचा नाही. कारण पोरीला बरं वाटावं म्हणून आई "बरं आहे" म्हणते आणि मग सगळ्या कामाची माती होते. नियम बरोबर होता. मी खाली सही केली.

मोहाची फुलं पडायचे दिवस होते. पहिल्या दिवशी पट्टी बदलताना माय म्हणाली, "आज त्या मुठीत ना..."

"सांगू नको," मी म्हटलं.

"काऊन?"

"नियम आहे. त्या बाईंना सांग."

"घरची पोरगी सोडून परक्या बाईले सांगू?"

"हो."

"मंग तू आलीस कायले?"

"पट्टी बदलायला," मी म्हटलं आणि चिकटपट्टी जरा जास्तच जोरात दाबली.

मग आमच्या घरात जी शांतता पसरली ती मी जन्मात विसरणार नाही. पंधरा वर्षं व्हायला आली होती आणि आम्ही दोघी फक्त एकाच गोष्टीवर बोलत आलो होतो, आणि नेमकी तीच आता बोलायची नव्हती. मी विचारलं, यंदा धान कसं झालं? "झालं," ती म्हणाली. तिनं विचारलं, तिकडं काय खातेस? "भात," मी म्हटलं. संपलं. समोरासमोर बसून जेवताना दोघीही ताटात बघायचो. तिला कोणत्या गोष्टीचं हसू येतं, मैत्रीण कोण, भीती कशाची वाटते, हे मला ठाऊक नव्हतं. तिच्या बोटांच्या दुखण्याचे मी तक्ते काढले होते, आणि तिला चहात साखर किती लागते ते मला काकूला विचारावं लागलं.

फिजिओथेरपिस्ट बाई आली, की माय नवी साडी नेसायची. ती बाई नागपूरची, बडबडी. दोघी आत बसायच्या आणि मी नियमाप्रमाणे परसात. आतून मायच्या हसण्याचा आवाज यायचा. तास-तास चालायचं. एकदा तर बाई गेल्यावर माय वाटेपर्यंत तिला सोडायला गेली आणि परतताना गाणं गुणगुणत होती. मला मत्सर वाटला, खोटं कशाला सांगू? चांगला जळजळीत मत्सर. कडं माझं, तारा माझ्या, माय माझी, आणि गप्पा मात्र त्या बाईशी.

तिसऱ्या आठवड्यात पौर्णिमा आली. विहारात मी मायच्या मागं बसले होते. वंदना सुरू झाली. मायनं डावा हात सवयीनं वर उचलला, क्षणभर हवेत तसाच धरला आणि मग मांडीवर ठेवला. पूर्ण वंदनाभर तो मांडीवरच होता. मूठ उघडली होती! त्याशिवाय दुसरा अर्थच नव्हता. मला तिथंच उठून नाचावंसं वाटलं. घरी येताना ती दोन पावलं पुढे चालत होती आणि मला विचारता येत नव्हतं. मी ओठ दाताखाली धरून चालले.

चार आठवडे संपले. नागपूरला तारा काढल्या, टाके घातले, कागदांवर सह्या झाल्या. त्या क्षणी माझा नियम संपला. आम्ही बसस्थानकावर गोंदियाच्या गाडीची वाट बघत बसलो आणि मी विचारलं, "उघडली?"

"उघडली," माय म्हणाली.

"कशी? सगळं सांग."

"पयले अंगठा सुटला. मंग एकेक बोट. मंग तळवा. तळव्याले गार वारा लागला वो पोरी. दोन दिवस लय बरं वाटलं."

"मग?"

"मंग गेला."

"कोण गेला?"

"हात. मूठ होती तंवर हात होता. उघडली, अन् मंग विरघळल्यावानी झाला अन् गेला." तिनं डाव्या हातानं टोकाच्या पुढची हवा दाखवली. "आता इथून पुढं काईच नाई."

"पण दुखत नाही ना?"

"नाई. दुखत नाई."

मला एवढंच ऐकू आलं. माझा आनंद पोटात मावत नव्हता. मी तिथल्या तिथं सरांना फोन लावला, ओरडून सांगितलं, बाजूची माणसं वळून बघायला लागली. फोन ठेवून पाहिलं तर माय पदर तोंडाला लावून बसली होती. तिचा हात तिच्यापुरता त्या आठवड्यात तुटला होता, आणि मी पेढे कुठं मिळतील ते शोधत होते. हे मला तेव्हा कळलं नाही. उशिरा कळलं. आमच्या अहवालात दुखणं कमी झाल्याचा रकाना होता. हात गेल्याचा रकाना नव्हता.

मी परत माझ्या शहरात आले. चाचणीतल्या इतरांपैकी एक-दोघांचं दुखणं तारा काढल्यावर परतलं, मायचं नाही परतलं. तिची केस सर सगळ्यांना दाखवायचे. रविवार आला, आठ वाजले, मी फोन लावला.

"कशी आहेस?"

"बरी आहो."

"हात?"

"काईच नाई."

पुढं काय बोलायचं? मी "बरं, ठेवते" म्हटलं. अर्धं मिनिटही झालं नव्हतं. पुढच्या रविवारी तसंच. त्याच्या पुढच्या रविवारी तसंच. एका रविवारी मी कामात विसरले आणि तिचाही फोन आला नाही. सोमवारी आठवलं तेव्हा वाटलं, आता सांगण्यासारखं काही नाही तर लावायचा कशाला? मी माझ्याच बुद्धीला काय म्हणू!

असे पाच-सहा महिने गेले. धान कापून झालं असेल, तेव्हाचा रविवार. मी फोन लावला आणि मी काही विचारायच्या आत माय म्हणाली, "मूठ आली वो परत. लय आवळून रायली."

मी ताठ बसले. लाज वाटते सांगायला, पण मला बरं वाटलं. वही ओढली. कधीपासून? किती वेळा? आवळली की किती वेळ राहते? ती सगळं सांगत गेली, पटापट, न चुकता. आणि लिहिता लिहिता माझं पेन थांबलं. खरी मूठ आवळायची तेव्हा बोलता बोलता तिचा श्वास अडकायचा, वाक्य मध्येच तुटायचं. तसं मी पंधरा वर्षं ऐकलं होतं. आज ती सलग बोलत होती, सणाला कोण कोण आलं ते सांगावं तशी.

"माय," मी म्हटलं, "खोटं बोलून रायलीस तू."

मी पेन वहीवर आपटलं.

"खोटं आहे ना? दुखत नाही ना तुला?" मी ओरडले. माझा आवाज चढला की मला तो आवरत नाही. "माझं कामधाम सोडून मी लिहून घेते, आणि तू... काऊन? कायले बोलतेस असं?"

"दुखत नाई म्हटलं तर तू फोन ठेवतेस," माय म्हणाली.

ती रागानं बोलली नाही. रडतही नव्हती. धान झालं म्हणून सांगावं तसं तिनं ते सांगितलं. वही समोर उघडी होती आणि तिच्यात माझ्या अक्षरात तिच्या खोट्या दुखण्याच्या चार ओळी होत्या. मला म्हणायचं होतं, की नाही ठेवणार. मला म्हणायचं होतं, की माझं चुकलं. इतक्या वर्षांत असलं काही बोलायची सवयच नव्हती, ते तोंडातून निघेना.

"जेवलीस का?" मी विचारलं.

"आत्ता तं आठ वाजले," ती म्हणाली. "एवढ्या सकाळी कोन जेवते वो?"

मला पुढचा प्रश्न सुचेना. ती तिकडे थांबली होती, मी काय विचारते याची वाट बघत.